सतरंजीवरचे जीवशास्त्र

बारावीच्या जीवशास्त्रात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत. त्यांच्या मुलीला हा आजार झालेला नाही. तर ती मुलगी वाहक असण्याची शक्यता किती? खाली चार पर्याय असतात : एक चतुर्थांश, एक द्वितीयांश, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश. घाईघाईत पुष्कळ विद्यार्थी एक द्वितीयांशवर खूण करतात आणि 'नीट'मध्ये चार गुण मिळवण्याऐवजी पदरचा एक गुण घालवून बसतात.

विदर्भातील एका वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही मागे गेलो होतो, तेव्हा नेमका याच प्रश्नावर वाद चालला होता. विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी अभ्यासिका भरते. खाली सतरंजी, वर एक ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेला फळा आणि सात-आठ मुले-मुली. एक मुलगा ठासून सांगत होता की उत्तर निम्मेच. तेव्हा एक मुलगी उठली, तिने फळ्यावर चार चौकोन काढले. पहिल्यात निरोगी, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वाहक, चौथ्यात आजारी. मग ती त्याला म्हणाली, "मुलीला आजार नाही असं प्रश्नातच सांगितलंय ना? मग हा चौथा चौकोन खोडून टाक. राहिले किती? तीन. त्यात वाहक किती? दोन." तो मुलगा क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी प्रश्नच नीट वाचला नव्हता." सतरंजीवर हशा पिकला. त्या हशात चेष्टा नव्हती. चुकलेल्यालाही हसू आले होते.

नंतर आम्हाला कळले की त्या मुलीच्या थोरल्या भावाला सिकलसेल आहे. तो चौकोन तिने पुस्तकात पाहण्याआधी घरात पाहिला होता.

आम्ही हा प्रसंग मुद्दाम सविस्तर सांगितला. कारण मोठमोठ्या क्लासच्या जाहिराती, कोटा आणि लातूरच्या कहाण्या, टक्क्यांचे फलक यांच्या गदारोळात एक साधी गोष्ट आपला समाज विसरत चालला आहे. शिकण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शेजारी बसलेला विद्यार्थी. त्याला प्रश्न विचारता येतो. त्याची फी नसते. आणि तोही कालपरवाच तिथे अडखळलेला असल्यामुळे कुठे अडते हे त्याला मास्तरपेक्षा अधिक ठाऊक असते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो आपल्याच घरांतून घेतला जातो. "आपल्या नोट्स दुसऱ्याला देऊ नकोस, तो तुझ्या पुढे जाईल." ही शिकवण पोरांच्या मनात भिनवणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही हिशेबानेच उत्तर देऊ इच्छितो. २०२५ मध्ये 'नीट'ला देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. आता विहारातल्या आठ मुलांनी एकमेकांपासून वह्या लपवल्या, तर बाहेरचे २२ लाख थांबणार आहेत काय? तुमच्या मुलाची स्पर्धा सतरंजीवरच्या त्या सात जणांशी नाही. त्या सातांपैकी एखादा पुढे गेला तर तुमच्या मुलाचा क्रमांक फार तर एकाने खाली सरकेल. पण त्या सातांना समजावून सांगताना तुमच्या मुलाचे स्वतःचे दहा प्रश्न पक्के झाले, तर तो हजारोंना मागे टाकेल. नफा-तोटा ज्याचा त्याने पाहावा.

परीक्षेची रचनाही समजून घेतली पाहिजे. 'नीट'चे एकूण गुण ७२०. त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मी परीक्षा जीवशास्त्राची. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती. मिनिटाला एक प्रश्न. जीवशास्त्राचे प्रश्न तीस-चाळीस सेकंदांत सुटले, तरच भौतिकशास्त्राच्या गणितांना वेळ उरतो. ही गती घोकंपट्टीने काही प्रमाणात येते. पण विधान आणि कारण, चार विधानांपैकी चुकीचे कोणते, जोड्या जुळवा अशा प्रश्नांत घोकलेले वाक्य उपयोगी पडत नाही. तिथे कारण ठाऊक असावे लागते. आणि कारण आपल्याला खरोखर ठाऊक आहे की नाही, हे दुसऱ्याला सांगायला बसल्याशिवाय कळत नाही. नेफ्रॉनची आकृती पाठ असते, पण "हेन्लेचा पाश लांब असला तर मूत्र दाट का होते?" असे शेजाऱ्याने विचारले की घाम फुटतो. तो घाम विहारात फुटलेला बरा. परीक्षा केंद्रात फुटला तर वर्ष जाते.

आपल्या मुलांच्या वाटेत आणखी एक भिंत आहे. दहावीपर्यंत ती मराठीतून शिकतात. पेशी, तंतुकणिका, हरितलवक, गुणसूत्र, विकर, संप्रेरक हे शब्द त्यांचे झालेले असतात. अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकताच सारे इंग्रजी होते, कारण राज्यात अकरावी-बारावी विज्ञानाचे वर्ग बहुतांशी इंग्रजीतूनच चालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून नव्वद टक्के मिळवून आलेली मुलगी पहिल्या महिन्यातच स्वतःला 'ढ' समजू लागते. तिचे ज्ञान कुठे गेलेले नसते. त्याची नावे तेवढी बदललेली असतात. अशा वेळी शेजारी बसलेली मैत्रीण म्हणते, "अगं, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपली तंतुकणिका आणि एन्झाइम म्हणजे विकर." एका वाक्यात भिंतीला खिंडार पडते. हे काम कुठलाही महागडा क्लास करीत नाही, कारण तिथे शिकवणाऱ्यालाच ही भिंत दिसत नाही. आमची सूचना अशी की, प्रत्येक अभ्यासिकेने एक जाड वही घालावी. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये दहावीपर्यंतचा मराठी शब्द, उजवीकडे एका ओळीत अर्थ. एका वर्षात ती वही कुठल्याही गाईडपेक्षा मोलाची होईल आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या पोरांना ती फुकट मिळेल.

दुसरीही एक गोष्ट आम्हाला ठामपणे सांगायची आहे. आपल्या मुलांपाशी जीवशास्त्र नाही, हे खोटे आहे. त्यांच्यापाशी ते भरपूर आहे. त्याचे नाव तेवढे त्यांना कुणी सांगितलेले नाही. जालना-बुलडाणा भागात बियाण्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जाणाऱ्या बायांना विचारा. कपाशीची कळी उमलण्याआधी सोलायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. बारावीच्या पुस्तकात यालाच कृत्रिम संकरण म्हणतात आणि त्यातल्या पहिल्या पायरीला 'इमॅस्क्युलेशन' असे भारदस्त नाव आहे. शहरातला मुलगा ते नाव दहा वेळा घोकतो. ज्या मुलीने सुट्टीत आईबरोबर प्लॉटवर हात चालवले आहेत, तिला ते एकदाच सांगावे लागते. मग कळी उमलण्याआधीच पुंकेसर का काढायचे, उशीर झाला तर काय बिघडते, हे ती सतरंजीवरच्या साऱ्यांना समजावून सांगू शकते. तिथे ती शिक्षिका असते.

सफाई कामगाराच्या मुलाचे पाहा. सूक्ष्मजीवांच्या प्रकरणात सांडपाणी शुद्धीकरणाची माहिती आहे. ऑक्सिजनविरहित टाकीत जिवाणू मैला कुजवतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात, असे पुस्तक सांगते. त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. पण याच वायूंनी भरलेल्या गटारात आणि टाक्यांत उतरवलेली माणसे गुदमरून मरतात, हे त्या मुलाला पुस्तकाबाहेरून ठाऊक आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबल्या नाहीत, हेही तो जाणतो. त्याने हे सतरंजीवर सांगितले की दोन गुणांचा प्रश्न कुणी जन्मात विसरत नाही. आणि वायू का जीव घेतो हे कळलेला मुलगा घरी जाऊन बापाला टाकीत उतरण्यापासून अडवतो. या शिक्षणाला आम्ही शिक्षण म्हणतो.

सिकलसेलचेही तसेच आहे. विदर्भात अनुसूचित जाती-जमातींच्या कितीतरी घरांत हा आजार आहे आणि त्याभोवती लाज, लपवाछपवी आणि अंधश्रद्धा आहेत. कुणी करणी म्हणतो, कुणी मागच्या जन्मीचे पाप म्हणतो, कुणी आईला बोल लावतो. जीवशास्त्राचे पुस्तक सांगते की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येते, एवढाच हा बदल. डीएनएमधले एक अक्षर बदलते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा आजार आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही दोष एकत्र आले तरच होतो. मग एकट्या आईला दोष कसला? वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. यात जातीचा कलंक कुठे आला? त्या मुलीने फळ्यावर काढलेले चार चौकोन हे करणीच्या आणि कर्माच्या साऱ्या गोष्टींना दिलेले उत्तर होते. तिला चार गुण मिळतील ते मिळतील. पण लग्नाआधी रक्ताची तपासणी का करायची, हे त्या दिवशी सात घरांत पोहोचले.

आपल्या चळवळीचा इतिहास पाहिला तर एकमेकांना शिकवण्याचा हा धागा जागोजाग सापडतो. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी खटपट केली. केळुसकर गुरुजी काही आंबेडकरांच्या घरचे नव्हते. बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाची त्यांनी विचारपूस केली, इतकेच. त्या विचारपुशीतून काय घडले, हे आम्ही सांगायला नको.

पुढे १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या पोरांसाठी महाविद्यालय काढले. त्याला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नाव दिले नागसेनवन. या नावांचा अर्थ आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्नामागून प्रश्न विचारले. नागसेनाने एकेका प्रश्नाला उत्तरे दिली, दाखले दिले. राजाचे समाधान झाले नाही की तो पुन्हा विचारी. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. प्रश्न विचारणे ही शिकण्याची पहिली अट आहे, हे त्यांनी इमारतीच्या दारावरच कोरून ठेवले. मग विहाराच्या सतरंजीवर एकाने विचारावे आणि दुसऱ्याने सांगावे, उद्या त्या दुसऱ्याने विचारावे आणि पहिल्याने सांगावे, याहून त्या नावाचा मोठा मान कोणता?

उलट बाजार काय करतो आहे? त्याने ज्ञानाला कुलूप लावले आणि किल्ली विकायला काढली. लाखाच्या घरात फी घेणारे क्लास आहेत. नावाला महाविद्यालय आणि दिवसभर क्लास, असा 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार आहे. त्यात मुलाला प्रयोगशाळेचे तोंडही दिसत नाही, पण बोर्डाच्या जीवशास्त्रातले प्रात्यक्षिकाचे ३० गुण मात्र बिनबोभाट मिळतात. ज्ञान काही घराण्यांच्या मालकीचे आणि इतरांनी ते ऐकायचेही नाही, ही जुनी व्यवस्था बाबासाहेबांनी मोडीत काढली. आज तीच पैशाच्या वेशात परत येत असेल, तर तिला ओळखले पाहिजे.

आणि जेव्हा सारे काही विकाऊ होते, तेव्हा प्रश्नपत्रिकाही विकली जाते. २०२४ मध्ये देशाने ते पाहिले. पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, मात्र फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. ज्यांनी पैसे मोजून उत्तरे पाठ केली, त्यांना गुणवत्तेचा अभिमान असतो आणि आपल्या मुलांना मात्र आरक्षणाचे टोमणे ऐकावे लागतात. वाचकहो, गुणवत्ता कुणाची आणि लबाडी कुणाची, याचा हिशेब कधीतरी उघडपणे झाला पाहिजे.

म्हणूनच एक भेद आपल्या मुलांनी पक्का लक्षात ठेवावा. एकमेकांना मदत करणे वेगळे आणि उत्तर पुरवणे वेगळे. "तिसरा पर्याय लिही" असे सांगणारा मित्र मित्र नव्हे. "चौथा चौकोन का खोडायचा ते सांगतो, बस" म्हणणारा खरा मित्र. परीक्षेच्या खोलीत खिडकीतून चिठ्ठी फेकणारा तुमच्या मुलाला कायमचा परावलंबी करतो. परीक्षेआधी सहा महिने त्याच्याशी वाद घालणारा त्याला स्वतःच्या पायावर उभा करतो. तयार उत्तर ही भीक आहे आणि भीक नाकारण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे.

एकत्र अभ्यासाचे धोकेही आहेत. ते झाकून ठेवणे आमच्या स्वभावात नाही. पहिला धोका चुकीच्या माहितीचा. पेशीचक्रात डीएनएची प्रत 'एस' अवस्थेत तयार होते. एकाने आत्मविश्वासाने 'एम' अवस्था सांगितली की सारी सतरंजी 'एम' लिहून येते. म्हणून ज्या उत्तरावर वाद होईल, तिथे पुस्तकातली ओळ काढून सर्वांसमोर वाचावी. पुस्तकात मिळाले नाही तर प्रश्न वहीत लिहून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या जाणकाराला विचारावा. आवाज मोठा म्हणून कुणाचे उत्तर बरोबर ठरत नाही.

दुसरा धोका जुन्या पुस्तकांचा. आपली मुले रद्दीतून, थोरल्या भावाकडून, जुन्या बाजारातून पुस्तके आणतात. त्यात कमीपणा काही नाही. पण अभ्यासक्रम बदलत असतो. २०२४ च्या 'नीट'साठी काही प्रकरणे वगळली गेली आणि ज्यांच्या हातात जुनी गाईडे होती ते वगळलेली प्रकरणे घोकत राहिले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे आधी ग्राह्य धरण्यात आली, कारण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातले विधान नव्या पुस्तकापेक्षा वेगळे होते. शेवटी आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि निकाल बदलला. गरिबाच्या हातातले जुने पुस्तक त्याचा गुण कसा हिरावते, याचा हा ढळढळीत पुरावा. म्हणून प्रत्येक अभ्यासिकेने वर्षारंभी चालू अभ्यासक्रमाची एक प्रत भिंतीवर चिकटवावी आणि नव्या पुस्तकांचा निदान एक संच वर्गणीतून विकत घ्यावा. जयंतीच्या वर्गणीतला अगदी थोडा भाग त्याला पुरेल.

तिसरा धोका मुलींच्या बाबतीतला. रात्री अभ्यासिका गजबजते तेव्हा मुलींना घरी परतावे लागते. घरी स्वयंपाक, धाकटी भावंडे, पाणी भरणे. मुलगे रात्री अकरापर्यंत प्रश्न सोडवतात आणि मुली सकाळी त्यांच्याकडे वह्या मागतात. सावित्रीमाईंचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे शोभते काय? विहार समितीने दुपारची वेळ मुलींसाठी ठेवावी, रात्री त्यांना घरी पोहोचवण्याची पाळी ठरवावी. फळ्यावर चौकोन काढणारी मुलगी नऊ वाजता उठून गेली तर नुकसान साऱ्या सतरंजीचे होते.

चौथा धोका चेष्टेचा. चुकलेल्याला हसले की तो पुन्हा तोंड उघडत नाही. अशा मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. ज्या मेंडेलच्या वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे सारे प्रकरण उभे आहे, तो मेंडेल १८५० मध्ये शिक्षकपदाच्या परीक्षेत नापास झाला होता. त्याने १८६६ मध्ये आपले संशोधन छापले, पण जगाला त्याचे मोल कळायला १९०० साल उजाडले. परीक्षेत नापास झालेल्या माणसाचे नियम आज लाखो विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहावे लागतात.

हे सारे खरे असले, तरी सतरंजीचे गोडवे गाऊन सरकारला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवणे हे त्यांचे कर्तृत्व आहे. त्याचा अर्थ शिक्षकांची रिकामी पदे भरायची नाहीत, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर धूळ साचू द्यायची आणि वसतिगृहांचे अर्ज लोंबकळत ठेवायचे, असा होत नाही. तमिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातील अनिता या दलित मजुराच्या मुलीला बारावीला १२०० पैकी ११७६ गुण होते. 'नीट'मध्ये तिला ७२० पैकी ८६ मिळाले. डॉक्टर होण्याचे स्वप्न हिरावले गेल्यावर १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आयुष्य संपवले. ती हुशार नव्हती असे म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? परीक्षेचा साचा बदलला आणि तो साचा जिथे विकत मिळतो तिथवर जायला तिच्या बापाकडे पैसा नव्हता. त्या राज्याने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये सांगितले की या परीक्षेने ग्रामीण, गरीब आणि मातृभाषेतून शिकलेल्या मुलांना मागे ढकलले. महाराष्ट्राने यातून काय घेतले? समाजकल्याणची वसतिगृहे, स्वाधार योजना, बार्टीचे प्रशिक्षण यांचा लाभ परीक्षेनंतर मिळून उपयोग नाही. तो अकरावीच्या पहिल्या दिवशी मिळाला पाहिजे, ही आमची मागणी आहे.

आणखी एक गोष्ट. प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असे नाही. दिल्लीच्या 'एम्स'मधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये काय सांगितले, ते आठवा. आपली मुले वसतिगृहात, मेसमध्ये, खेळात वेगळी पाडली जात होती. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. एकटे पाडणे हे जातीचे सर्वांत जुने हत्यार आहे. ज्यांना सतराव्या वर्षी सतरंजीवर एकमेकांना विचारण्याची, आधार मागण्याची आणि देण्याची सवय लागली, ती मुले पुढे अनोळखी शहरातल्या वसतिगृहातही एकमेकांचा दरवाजा ठोठावतील. ही सवय लावणे हे सुद्धा अभ्यासिकेचे काम आहे.

आता शेवटचे, आपल्या शिकल्या-सवरलेल्यांसाठी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा व्यक्त केली, ती आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. आम्ही पैसे मागत नाही. आठवड्यातून एक तास मागतो. वस्तीतून बाहेर पडून फ्लॅटमध्ये गेलेले डॉक्टर, निवृत्त झालेले विज्ञान शिक्षक, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका, प्रयोगशाळेत रक्त तपासणारे तंत्रज्ञ, बीएस्सीला शिकणारी मुले यांनी रविवारी एक तास त्या सतरंजीवर बसावे. भाषण करू नये. आठवडाभर वहीत साठलेले प्रश्न ऐकावेत आणि सोडवून द्यावेत. जे येत नाही ते "बघून सांगतो" म्हणावे आणि पुढच्या रविवारी खरोखर सांगावे. रुग्णालयातल्या तंत्रज्ञाने सिकलसेलची काचपट्टी आणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली, तर ती वाकडी पेशी मुले आयुष्यभर विसरणार नाहीत.

त्या विहारातून आम्ही निघालो तेव्हा फळा पुसला गेला होता आणि तोच मघाचा चुकलेला मुलगा उशिरा आलेल्या एका पोराला चार चौकोन काढून दाखवत होता. "आजार नाही असं सांगितलंय ना? मग हा खोड," तो म्हणत होता. तासाभरापूर्वी जे त्याला येत नव्हते, ते तो आता शिकवत होता. आपल्या वस्तीत अशी सतरंजी आहे काय, हे वाचकांनी आज संध्याकाळीच जाऊन पाहावे. असेल तर तिच्यावर बसावे. नसेल तर ती अंथरावी.